वजनाचं बारसं

लातूरच्या ट्यूशन एरियात दिवाळीच्या सुट्टीत जाऊन बघा कधी. एरवी जिथं पाय ठेवायला जागा नसते, तिथं रस्त्याच्या मधोमध कुत्री ताणून दिलेली असतात. झेरॉक्सवाले गावाला, मेसच्या शेगड्या थंड, आणि भिंतीभिंतीवर गेल्या सालचे टॉपर दात काढून हसतायत, बघायला कुणी नाही. अशाच एका सुट्टीत लुबना नांदेडहून सकाळच्या बसनं लातुरात उतरली. बरोबर यंत्रांच्या पेट्या आणि अम्मीनं दिलेला डबा. काम साधं होतं. एका नव्या इमारतीची तपासणी करायची, पास का नापास ते सांगायचं आणि संध्याकाळी परत. अम्मीला ती तसं सांगूनच निघाली होती. आता ती त्या संध्याकाळी परत गेली नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. नाहीतर मी कशाला तुम्हाला बसवून ठेवलं असतं?

लुबना इंजिनिअर. इमारत हलली तर कशी हलते आणि किती लवकर थांबते, हा तिचा अभ्यास. तिचे अब्बा, निजामोद्दीन, नांदेडात घड्याळं दुरुस्त करायचे. पोरीचं लहानपण त्या दुकानात लंबकांच्या टकटकीखाली गेलं. लंबकाचा झोका त्याच्या लांबीवर ठरतो, मालकाच्या मर्जीवर नाही, हे अब्बांनी तिला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं. त्यामुळं झोके घेणाऱ्या कुठल्याही वस्तूची तिला भीती अशी कधी वाटली नव्हती.

इमारत होती अण्णाराव सरांची. नऊ मजले, मुलींचं होस्टेल, आणि दर्शनी भिंतीवर हत्तीएवढी अक्षरं: ‘भूकंपातही निवांत झोप!’ सर एके काळी फिजिक्स शिकवायचे, आता फक्त जाहिरात शिकवायचे. पण त्यांचं अगदीच चुकत नव्हतं म्हणा. या भागातल्या आईबापाला पोरीचा एखादा मार्क कमी पडला तर चालतो. पण तिला वरच्या मजल्यावर झोपवतो म्हटलं की ते गुपचूप बॅग उचलतात. किल्लारीच्या भूकंपाला इतकी वर्षं झाली, तरी आजही कित्येक घरांत उशाशी तांब्यावर पेला पालथा घालून ठेवतात. जमीन हलली की पेला पडतो आणि घर जागं होतं. अशा मुलखात नऊ मजल्यांचं होस्टेल भरायचं म्हणजे खायचं काम नाही.

म्हणून सरांनी गच्चीवर एक खोली बांधून त्यात ते टांगलं होतं. चार जाड पोलादी दोरांवर लोंबणारा काँक्रीटचा अजस्र ठोकळा. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला ठेच लागली की ती कमरेत उलटी झुकून तोल सावरते ना, तेच त्याचं काम. इमारत डावीकडं झुकली की ठोकळा तिला उजवीकडं ओढतो आणि हलणं लवकर थांबतं. मेसमधल्या बायका मात्र त्याला सरळ पाळणा म्हणायच्या.

हा पाळणा वेळेला खरंच काम करतो का, भरवशाचा आहे का, हे लुबनाला सांगायचं होतं. आणि यात तिचं स्वतःचंही काहीतरी अडकलं होतं. तिची धाकटी बहीण जिक्रा डॉक्टर व्हायला निघाली होती. सुट्टी संपली की ती याच होस्टेलात यायची होती. खोली तिनं स्वतः हट्टानं मागून घेतली होती. नववा मजला, औशाकडं जाणाऱ्या बसेस दिसणारी खिडकी, आणि डोक्यावर, स्लॅबच्या बरोबर वर, तो ठोकळा.

“मॅडम, हा पेपर सोपाच आहे,” चहा पुढं करत अण्णाराव सर म्हणाले. “पैकीच्या पैकी द्या आणि मोकळ्या व्हा.”

“पेपर बघू द्या की आधी, सर.”

चाचणी अशी असते: गच्चीवर एक छोटं यंत्र ठेवायचं, त्यानं इमारतीला हलकंसं झुलवायचं, यंत्र बंद करायचं आणि झुलणं किती लवकर विरतं ते बघायचं. माणसाला ते झुलणं जाणवतसुद्धा नाही, लॅपटॉपवर फक्त रेघ हलते. पाळणा चालू असेल तर रेघ चटकन सपाट होते. लुबनानं यंत्र बंद केलं, तर रेघ आपली हलतेय, हलतेय, थांबायचं नाव नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिनं वायरी तपासल्या, बॅटरी बदलली, आपल्याच यंत्राला दोन शिव्या हासडल्या. काही फरक नाही. पाळणा असून नसल्यासारखा होता.

“नापास?” सरांचा चहा कपातच राहिला.

“सध्या तरी. वरच्या खोलीची चावी कुणाकडं आहे?”

चावी होती कावेरीबाईंकडं. होस्टेलची सगळी देखरेख त्यांच्यावर. सरांच्या जुन्या होस्टेलातल्या पोरी त्यांना मावशी म्हणायच्या आणि वचकून असायच्या. पन्नाशी उलटलेली, ठसठशीत बाई. त्यांचे यजमान भुजंगमामा खाली गेटवर असायचे. चावी मागितल्यावर कावेरीबाईंनी कमरेचा जुडगा चाचपला, नसलेली चावी शोधल्यासारखं केलं आणि मग नाइलाजानं जिना चढायला लागल्या.

खोलीत ग्रीसचा आणि नव्या सिमेंटचा वास होता. ठोकळा समोरून तर मोकळाच दिसत होता. लुबना टॉर्च घेऊन मागच्या बाजूला गेली आणि कपाळावर हात मारून घेतला. ठोकळा आणि लोखंडी चौकट यांच्या फटीत कुणीतरी लाकडी पाचरी ठोकून बसवल्या होत्या. वरून जुन्या लुगड्याची दोरी वळून चांगली गच्च आवळली होती.

“मावशी, हे कुणी केलं?”

“म्याच,” कावेरीबाई दारातूनच म्हणाल्या. “मोडक्या खाटाचे पाय होते. वाया जाऊन राहिले होते.”

“अहो पण का?”

“रिकामा पाळणा हलू देऊ नये, बाई. तुमच्यात न्हाई का तसं?”

होतं. लुबनाची नानी रिकाम्या पाळण्याला धक्का लागला तरी धावत येऊन तो धरायची. पण ते घरातल्या पाळण्याचं झालं. लुबनानं समजावायचा प्रयत्न केला, की मावशी, हा पाळणा नाही, हे वजन आहे, ते हललं तरच पोरी सुखरूप राहतील.

“चार दोऱ्या हायत, मधी आडवं टांगलंय, आन् झोके खातंय. मग पाळणा न्हाई तर काय पाटा-वरवंटा हाय?”

लुबना हसत हसत दोरी सोडायला लागली. तेव्हा कावेरीबाईंचा आवाज एकदम खाली आला.

“बाई... ह्यो आपला आपण हलतोय. वारा नसतो, माणूस नसतं. दुपारची जेवणं झाली की सुरू होतंय... म्हणून बांधला.”

“पाण्याच्या पंपानं हलत असेल. नाहीतर रस्त्यावरच्या ट्रकनं.”

“असंल,” कावेरीबाई म्हणाल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

लुबना हाडाची शास्त्रज्ञ. तिनं पंप बंद करायला लावला, लिफ्ट बंद, जनरेटर बंद. पाचरी काढल्या, ठोकळ्याला आणि स्लॅबला यंत्रं चिकटवली, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या खोलीत एकटीच बसली. कावेरीबाई बाहेर जिन्यावर. बाहेर रणरणतं ऊन. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा ठोकळ्यावर पडलेला, त्यात धूळ तरंगतेय. इतकी शांतता की लांबवर एसटी स्टँडवरची घोषणा ऐकू यावी. ठोकळा ढिम्म. रेघा दोन्ही सपाट. लुबनाला जांभई आली, आणि खरं सांगायचं तर आपण हरलो नाही याचं जरा समाधानही वाटलं.

मग वास आला. ग्रीसचा नाही. ओव्याचा, वेखंडाचा आणि कोमट तेलाचा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर धुरी देतात, तो वास. लुबना लहानपणापासून ओळखत होती तो. मामीच्या घरी, फुफीच्या घरी, कितीदा तरी नाकात बसलेला. पण इथं, नऊ मजल्यांच्या वर, बंद सिमेंटच्या खोलीत...

कर्र...

उन्हाचा पट्टा ठोकळ्याच्या कडेवरून सरकला. म्हणजे पट्टा जागेवरच होता, ठोकळा सरकला होता.

कर्र...

लुबनानं लॅपटॉपवर बघितलं. इमारतीची रेघ सपाट. ठोकळ्याची रेघ वर चढलेली. आणि वर चढून ती तिथंच थांबली. एक श्वास घ्यावा इतका वेळ थांबली, मग खाली आली. पुन्हा वर गेली, पुन्हा थांबली. पंपानं हलू दे, ट्रकनं हलू दे, वाऱ्यानं हलू दे, लोंबकळणारी वस्तू आपल्या ठरल्या गतीनंच हलते. टोकाला जाऊन ती थांबत नाही. अब्बांच्या दुकानातला एकही लंबक असा कधी थांबला नव्हता. टोकाला जाऊन थांबतो तो फक्त पाळणा, तोही कुणी दोरी ओढून धरली तर... लेकरू झोपलं का ते वाकून बघेपर्यंत.

“मावशी...” तिनं हाक मारली.

“झालं का सुरू?” जिन्यावरून कावेरीबाईंनी विचारलं. अगदी साध्या आवाजात, दूध उतू जातंय का विचारावं तसं.

लुबना लॅपटॉप तिथंच टाकून खाली आली. खाली म्हणजे थेट तळमजल्यावर, आणि लिफ्ट बंद होती हे तिला खाली पोचल्यावर आठवलं.

“मी पास करू शकत नाही,” तिनं अण्णाराव सरांना सांगितलं.

“कारण?”

“ठोकळा आपोआप हलतोय.”

सरांनी जरा विचार केला. “मग चांगलंच की, मॅडम! लाइट बिल वाचलं.”

लुबनाला हसू आलं आणि रडूही आलं. जे कशानं हलतं तेच कळत नाही, ते वेळेला काम करेल असं ती कुठल्या तोंडानं लिहून देणार? तेवढ्यात जिक्राचा फोन आला. “आपा, झालं का पास? मी बॅग भरून बसलेय. अम्मी म्हणते आणखी एक रजाई ने, तू सांग ना तिला, नको म्हणून.” लुबना म्हणाली, नंतर बोलते. फोन ठेवला तरी तिच्या डोळ्यांपुढून ती खोली हलेना. जिक्राची खाट, वर स्लॅब, आणि स्लॅबच्या वर ते.

संध्याकाळी मेसच्या स्वयंपाकघरात, राखणीला थांबलेल्यांपुरत्या पेटवलेल्या एकाच शेगडीपाशी, ती भिंतीला टेकून बसली होती. पंचशीला, तिथली मुख्य स्वयंपाकीण, तिला गरम भाकरी वाढत होती. कावेरीबाई समोर लसूण सोलत बसल्या. आणि लसूण सोलता सोलताच, मान वर न करता, त्यांनी सांगितलं.

“आमचं गाव औशाच्या पल्याड. भूकंपात समदं बसलं. हे गणपती बुडवून येऊन वट्ट्यावर पडले होते, मी बी घडीभर वाऱ्याला भायेर आले होते, म्हणून वाचलो. पोरगी घरात होती, पाळण्यात. बाराव्या दिशी बारसं करायचं होतं. घुगऱ्याला हरभरे भिजू घातले होते मी.”

पंचशीलाचा हात तव्यावरच थांबला.

“सकाळच्याला मिलिटरीचे लोक आले. ढिगाऱ्यात तोंड घालून हाका मारा म्हनले, कुणी जित्तं असलं तर आवाज देईल. जो तो आपल्या माणसाचं नाव घेऊन वरडून राहिला. मी बी उभी राहिले, बाई. पर मी काय वरडू? तिला नावच नव्हतं.” कावेरीबाईंनी सोललेला लसूण ताटलीत टाकला. “म्हणून म्हणते, ते रिकामं हाय म्हणून हलतंय. तुमी त्याला भरा. बारसं करा. मग बघा कसं गुण्यानं ऱ्हातंय.”

लुबनाच्या हातातली भाकरी निवली. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “करू या, मावशी.” त्या रात्री ती पंचशीलाच्या घरी झोपली. अम्मीला फोन करून यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते होस्टेल असं काही गजबजलं की विचारू नका! पंचशीलानं हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या. मेसच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. अण्णाराव सरांना आत काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं, पण कार्यक्रम म्हटला की त्यांना राहवत नाही. त्यांनी पेढे आणले आणि बॅनर छापू का म्हणून विचारलं. सगळ्यांनी एका सुरात नको म्हटलं. पाळण्यात घालायला वरवंटा मेसचाच. बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालायची रीत आहेच, इथं मग तोच बाळ. पंचशीलानं त्याला न्हाऊमाखू घातलं, कुंची चढवली, काजळाची तीट लावली. लुबनाची अट एकच होती, काहीही सुटं ठेवायचं नाही. तिनं स्वतः ठोकळ्यावर पट्टी मारून, नट आवळून वरवंटा पक्का बसवला आणि त्याचं वजन आपल्या हिशेबात धरलं.

“आता आत्या कोण?” कुणीतरी विचारलं. नाव ठेवायचा मान आत्याचा.

“ह्या काय,” कावेरीबाईंनी लुबनाला पुढं ढकललं. “शेरातली शिकलेली आत्या.”

“मी? मावशी, आमच्याकडं बाळाच्या कानात अजान देतात, नाव नाही ठेवत असं.”

“मग कानात बोलायची सवय हायच की तुमाला!”

लुबना वाकली. ठोकळ्यावरच्या त्या कुंचीजवळ तिनं तोंड नेलं. दगडाच्या कानात काय सांगायचं याचा तिनं काहीच विचार केला नव्हता. आणि त्याच क्षणी मागून पाठीत धपाधप बुक्के बसले! नाव ठेवणाऱ्या आत्याची पाठ शेकायची ही आपली जुनी रीत, आणि भाकऱ्या थापून थापून या बायकांचे हात असे तयार, की लुबनाचे डोळेच पांढरे झाले. सगळ्या खदाखदा हसत होत्या, कुणी टाळ्या पिटत होत्या. त्या गदारोळात एक नाव कुठून तरी तिच्या ओठांवर आलं आणि तिनं ते कुंचीत कुजबुजलं. राजकन्या.

ती मोठ्यानं सांगायला वळली, तर कावेरीबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

“नगा सांगू. तिला कळलं, बास.”

दाराबाहेर भुजंगमामा टोपी काढून उभे होते आणि जोरजोरात नाक शिंकरत होते. कावेरीबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी पाळण्याला हळूच एक झोका दिला आणि सगळ्यांच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या.

त्या दुपारी लुबना पुन्हा खोलीत बसली. यावेळी दार उघडं ठेवून. जेवणं झाली, ऊन कललं, ठोकळा हलला नाही. ग्रीसच्या वासाशिवाय कसला वास नाही. मग तिनं इमारत झुलवून बघितली, आणि यंत्र बंद करताच रेघ अशी झटकन सपाट झाली की तिला स्वतःलाच खरं वाटेना. सुट्टी संपेपर्यंत ती रोज येऊन चाचणी घेत राहिली. हळू झुलवलं, जोरात झुलवलं, कसंही केलं तरी पाळणा आपलं काम करत होता. शेवटी तिनं सही केली. पण एक अट घातली, ठोकळ्यावरचं आणि स्लॅबवरचं यंत्र कायम तिथंच राहील आणि त्याच्या रेघा तिच्या फोनवर दिसत राहतील. अण्णाराव सरांनी पेढ्याचा उरलेला डबा तिच्या बॅगेत कोंबला. जिक्रा दोन्ही रजाया घेऊन राहायला आली.

त्यानंतर थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. रविवार होता. लुबना घरी अब्बांबरोबर दुपारचा चहा घेत होती. अचानक बशीत कप खुळखुळला, कपाटाची दारं थरथरली, आणि भिंतीवरची अब्बांची सगळी जुनी घड्याळं एकदम ठण्ण वाजली. अब्बा तिला ओढत अंगणात घेऊन आले. गल्लीतली सगळी माणसं बाहेर. एवढ्यात थांबलंही. धक्का मोठा नव्हता, पण लुबनाचं काळीज लातुरात होतं. तिनं जिक्राला फोन लावला.

“आपा! अगं किती मज्जा आली!” जिक्राच्या मागं शंभर पोरींचा कलकलाट. “आम्ही सगळ्या आधीच खाली होतो, मैदानात.”

“आधी?”

“हो ना. आम्ही पेपर देऊन झोपलो होतो सगळ्या. मावशी आल्या, दारं बडवली, उठा म्हणाल्या, खाली चला. आम्ही खाली येऊन शिव्या घालतोय त्यांना, तेवढ्यात जमीनच हलली! आणि इमारत बघ, काचसुद्धा तडकली नाही.”

“मावशींना कसं कळलं?”

“मी विचारलं ना. म्हणाल्या, वर राजकन्या उठली. आपा, कोण आहे गं ही राजकन्या?”

लुबना गल्लीच्या गर्दीतून बाजूला झाली. ते नाव तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. अम्मीला नाही, जिक्राला नाही. एका दगडाच्या कानात सांगितलं होतं फक्त.

“मावशींना फोन दे... मावशी, तुम्हाला नाव कुणी सांगितलं?”

“तिनंच की,” कावेरीबाई हसल्या. “माझ्या उशाचा पेला बी पडला न्हवता अजून. तिच्या पाळण्याचा आवाज आला आन् मी पोरी उतरवल्या. लई गुणाची हाय. तुमी नाव बी झ्याक ठेवलं.”

लुबनानं फोन कानावरून काढून त्याच्या पडद्यावर बघितलं. दोन्ही रेघा तिथं होत्या. धक्क्याच्या आधीच, इमारत अजून गप्प असताना, पाळण्याची रेघ जोरजोरात हलली होती. मग धक्का आला, इमारत हलली आणि लगेच शांत झाली. सगळं झ्याक, पैकीच्या पैकी. पण आत्ता, या घडीला, पाळण्याची रेघ पुन्हा हलत होती. सावकाश. वर जाऊन थांबत होती... मग खाली येत होती.

“मावशी, तुम्ही खालीच आहात ना? मैदानात?”

“हाव. समद्याच हाव.”

“मग वर... आत्ता झोका कोण देतंय?”

पोरींचा कलकलाट मागं पडला, फोन घेऊन मावशी जरा बाजूला गेल्या होत्या. मग कावेरीबाई बोलल्या, अगदी हळू.

“ते मी बी इचारलं, बाई. पुष्कळदा इचारलं... नाव सांगितलं तिनं. ते सांगत न्हाई.”

तेवढ्यात जिक्रानं फोन हिसकावून घेतला. “आपा, सर म्हणाले धोका टळला, वर जा. मी जाते गं, डोळे मिटायला लागलेत. उद्या परत पेपर आहे.”

नको जाऊस, असं लुबनाच्या अगदी ओठांवर आलं होतं. खालच्या मजल्यावर झोप, नाहीतर नांदेडची बस पकड आणि घरी ये. पण ते जे काही वर होतं, त्यानं धक्क्याच्या आधी शंभर पोरी जागेवरून उठवून मैदानात आणल्या होत्या. याहून भरवसा कशाला म्हणायचं, हे तिला तिच्या अभ्यासात कुणी शिकवलं नव्हतं.

“जा,” ती म्हणाली. “झोप निवांत.”

अब्बा आत जाऊन घड्याळं सरळ करायला लागले. “सब खैरियत?” त्यांनी खिडकीतून विचारलं. लुबनानं मान हलवली. ती अंगणातच फोनकडं बघत उभी राहिली. रेघ वर जात होती, थांबत होती, खाली येत होती. मग हळूहळू बारीक झाली आणि सपाट झाली. लुबनानं सुटकेचा श्वास सोडला.

फोन वाजला. जिक्राचा मेसेज होता. ‘आपा, वरचा तो कर्र कर्र आवाज बंद झाला गं. त्याच्याशिवाय झोप येत नाही.’

काय लिहावं याचा लुबना विचार करत होती. तिनं पहिलं अक्षर टाइप करायच्या आत रेघ पुन्हा हलायला लागली.